इतर कारणे

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीचे पाणी अडवून इटियाडोहचे धरण बांधलेले आहे. वरच्या अंगाला डोंगर आणि सागाचे, तेंदूचे रान. खालच्या अंगाला कालव्यांनी भिजणाऱ्या धानाच्या बांध्या. ह्या मुलखाचा इतिहास सांगावयाचा तर गोंड राजांपासून आरंभ करावा, तलाव बांधण्यात पिढ्या घालविणाऱ्या कोहळी लोकांची वाखाणणी करावी आणि धरणाशी येऊन थांबावे, अशी रीत आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका रकान्याचा इतिहास सांगावयाचा आहे. रकाना कागदावरचा, पण त्यात किती माणसे गडप झाली, ह्याची गणती कुणापाशीच नाही.

ब्रिटिश अमदानीत हा भाग मध्यप्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे; गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या काळी गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर देण्याचे काम कोतवालाकडे होते. त्याच्या वहीला कोतवाल बुक म्हणत. आज विदर्भातली माणसे ही जीर्ण पुस्तके हुडकतात ती जातीचा पुरावा मिळावा म्हणून. परंतु त्यांत मरणाचे कारणही लिहिलेले असे. कारणांची यादी सरकारने ठरवून दिलेली आणि आखूड होती: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा. ह्यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी शेवटचा रकाना होता, ‘इतर कारणे’. कोतवाल काही वैद्य नव्हे. गालाच्या आत चट्टा पडून, तो चिघळत जाऊन, घास गिळता येईनासा होऊन जो माणूस गेला, तो ‘इतर कारणां’त गेला. अंगावरून जाऊन जाऊन जी बाई सुकून गेली, तीही तिथेच. नाहीतर शेवटी ताप आला होता एवढ्यावर तापाच्या रकान्यात.

दफ्तराचा न्याय असा, की जे लिहिलेले नाही ते घडलेलेच नाही. हिंदुस्थानात कॅन्सर फारसा होत नाही, तो पुढारलेल्या देशांचा रोग आहे, अशी समजूत त्यामुळे पुष्कळ दिवस रूढ होती. १९३५ ते १९३९ ह्या काळात नाथ आणि ग्रेवाल ह्या दोन संशोधकांनी देशातल्या इस्पितळांची दफ्तरे चाळली, शवविच्छेदनांच्या नोंदी पाहिल्या आणि ही समजूत खोटी असल्याचे दाखविले. रोग होता, त्याला नाव लिहिणारा हात तेवढा नव्हता.

दिवाळीच्या फराळाशी ही कथा कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या घरात कॅन्सरचा रोगी आहे, त्या घरी दिवाळीतही एक प्लास्टिकची पिशवी खुंटीला टांगलेली असते. तीत रिपोर्ट असतात, शिधापत्रिकेची प्रत असते, फोटो असतात, पुढच्या खेपेची तारीख असते. त्या पिशवीतल्या कागदांवर जे आकडे पडतात, ते कोण घालतो, कशाच्या आधाराने घालतो आणि त्या माणसाची स्थिती काय, हे ठाऊक असणे आता बहुतेक कुटुंबांच्या गरजेचे झाले आहे. ह्या कामाला मोठा इतिहास आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही.

कोतवालाला हसण्याचे कारण नाही. लंडनसारख्या शहरातही सतराव्या शतकात हीच तऱ्हा होती. तिथे प्रेत पाहून मरणाचे कारण सांगण्यासाठी गरीब म्हाताऱ्या बाया नेमलेल्या असत. त्यांच्या सांगण्यावरून चर्चचा कारकून यादी करी. १६६२ साली जॉन ग्रॉन्ट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने ह्या याद्या एकत्र करून त्यांवर पुस्तक लिहिले. त्याच्या तक्त्यात कॅन्सर आहे. पण गँग्रीन आणि भगंदर ह्यांच्यासह एकाच ओळीत कोंबलेला. ग्रॉन्टने असेही नमूद केले, की बिअरचा पेला किंवा थोडी चिरीमिरी पुढे झाली की ह्या बाया लाजिरवाणे कारण लपवितात. नोंद करणाऱ्याला पोटापुरते मिळत नसेल तर नोंदही पोटापुरतीच होते, हे तेव्हापासूनचे आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम फार ह्या इंग्रज अधिकाऱ्याने रोगांच्या नावांना शिस्त लावण्याचा ध्यास घेतला. एकाच रोगाला चार नावे आणि चार रोगांना एकच नाव असेल तर मोजणी व्यर्थ आहे, हे त्याचे म्हणणे. १८९३ साली जाक बर्तियों ह्या फ्रेंच पंडिताने मरणाच्या कारणांची एक यादी मांडली. तीच सुधारत सुधारत सर्व राष्ट्रांनी स्वीकारली. १९४८ साली तिची सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याकडे घेतली आणि प्रथमच मरणाबरोबर आजारांचाही तीत समावेश केला. दहाव्या आवृत्तीत घातक गाठींचे आकडे ‘सी’ ह्या अक्षराने सुरू होतात: स्तनाच्या कॅन्सरला सी ५०, गर्भाशयमुखाच्या सी ५३, फुप्फुसाच्या सी ३४. गालाच्या आतल्या अस्तराला सी ०६.०. ह्याखेरीज कॅन्सरसाठी म्हणून १९७६ साली एक स्वतंत्र पुस्तक निघाले. त्यात गाठ कुठे आहे ह्याला एक आकडा आणि ती कोणत्या जातीच्या पेशींची आहे ह्याला दुसरा. ह्या दुसऱ्या आकड्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन एक अंक असतो. तो २ असला तर रोग अजून जागच्या जागी आहे. ३ असला तर त्याने आत शिरकाव केला आहे. एका अंकाचा फरक. परंतु त्यावर उपचार ठरतो, खर्च ठरतो, आणि शेवटी जिल्ह्याचा, देशाचा आकडाही ठरतो.

आपल्याकडे ह्या विद्येला घर मिळाले ते मुंबईत. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पाहिली, आणि तिच्याबरोबर माणसाच्या सवयीही पाहिल्या. तो विडी ओढतो की तंबाखू चुन्याशी मळून गालात धरतो, धोतर कमरेला किती आवळून नेसतो, हे प्रश्न त्यांनी शास्त्राच्या कक्षेत आणले. ह्या प्रश्नांची उत्तरे रोग्याच्या कागदावर आधी कुणीतरी विचारून लिहून ठेवावी लागतात, हे ओघानेच आले.

१९५१ साली डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा ह्यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली आणि १९६३ साली त्या संस्थेत मुंबईची कॅन्सर नोंदवही सुरू झाली. एखाद्या वस्तीतल्या एकूण एक कॅन्सर रोग्यांची नोंद ठेवणारी आपल्या देशातली ही पहिली वही. कॅन्सर झाला तर सरकारला कळवावे अशी सक्ती डॉक्टरांवर नव्हती. माहिती आपण होऊन चालत येणार नाही. म्हणून नोंदवहीच्या माणसांनीच इस्पितळोइस्पितळी जायचे, वॉर्डातली आणि प्रयोगशाळेतली कागदपत्रे काढायची, त्यांतून उतरवून घ्यायचे, अशी पद्धत पडली.

हे काम वरून दिसते तितके सोपे नव्हे. एकच रोगी आधी केईएमला दाखवितो, मग टाटाला जातो. एके ठिकाणी बापाचे नाव, दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याचे. एकीकडे आडनाव, दुसरीकडे नुसतेच नाव. पत्ता परळच्या चाळीतला, पण ती चाळ चुलतभावाची आणि रोगी मुळात रत्नागिरीचा. असा माणूस मुंबईचा धरावयाचा की नाही? दोनदा आलेला एक धरावयाचा की दोन? नोंदवहीवाल्याचा अर्धा दिवस ह्या जुळवाजुळवीत जातो. उरलेल्या अर्ध्यात पालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यांशी ताळा घ्यावयाचा. ज्याची जिवंतपणी कुठेच नोंद झाली नाही आणि दाखल्यावरच कॅन्सर प्रथम भेटला, असे रोगी जितके जास्त तितकी नोंदवही कच्ची, असा ह्या क्षेत्रातला कडक नियम आहे. ह्या मेहनतीचे फळ असे, की जगातल्या कॅन्सरच्या आकड्यांचा जो ग्रंथ १९७० साली निघाला, त्यात १९६४ ते १९६६ ह्या वर्षांचे मुंबईचे तक्ते मोठमोठ्या राष्ट्रांच्या पंक्तीला बसले. ग्रंथावर संपादकांची नावे असतात. परळहून लोकल पकडून इस्पितळे धुंडाळणाऱ्यांची नसतात.

त्यानंतर पुण्याची नोंदवही १९७३ साली, नागपूरची १९८० साली सुरू झाली. १९८२ च्या आरंभापासून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू झाला. पण ह्या सर्व वह्या शहरांच्या. खेड्यातला कॅन्सर अद्यापि ‘इतर कारणां’तच होता. त्याला बाहेर काढले ते सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण नोंदवही निघाली. बार्शी, परांडा आणि भूम ह्या तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. डॉ. भगवान नेने आणि टाटा रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत हे तिचे प्रमुख आधार.

इथे दफ्तर नव्हतेच, तर उतरवून काय घेणार? तेव्हा नोंदवहीची माणसे गावोगाव हिंडू लागली. सरपंच, मास्तर, सुईण, गावातली जाणती माणसे ह्यांच्याशी बोलावयाचे. कुणाला न भरणारी जखम आहे काय, कुणाच्या छातीत गाठ आहे काय, कुणा बाईच्या अंगावरून जाते काय, हे विचारावयाचे. आणि संशय आला की रोग्याला तपासणीसाठी बार्शीला यावयास राजी करावयाचे. पाहता पाहता एक वेगळीच गोष्ट घडली. मोजणारे जिथे सतत जाऊ लागले, तिथल्या बाया गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आधीच्या टप्प्यावरच रुग्णालयात येऊ लागल्या. नोंद करावयास आलेला माणूस विचारपूस करतो, आणि विचारपुशीने लाज आणि भीती दोन्ही ओसरतात. हा अनुभव बार्शीकरांनी आकड्यांनिशी जगापुढे मांडला.

ह्याच पायावर त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तीत होत्या. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्या विषाणूने होतो त्याची एकदाच तपासणी केली, तरी पुढच्या आठ वर्षांत मृत्यू निम्म्यावर येतात, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटात ह्या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या. विषाणूची तपासणी झालेल्या, आकाराने थोड्या मोठ्याच असलेल्या गटात ३४. हे ६४ आणि हे ३४ खरे कशावरून? कुणीतरी त्या त्या गावी जाऊन, मरण नेमके कशाने आले ते विचारून, योग्य आकड्याखाली लिहिले होते, त्यावरून. त्या बाया ‘तापा’त किंवा ‘इतर कारणां’त गेल्या असत्या तर जगाला हा धडा मिळालाच नसता.

इथवर झाली मोजणीची कथा. आता बिलाची. कॅन्सरच्या आकड्याला पैशाचे मोल आले ते सरकारी विमा योजनांपासून. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोली होता, गोंदिया नव्हता. इटियाडोहचे पाणी गडचिरोलीच्या वडसा-आरमोरीकडे जाते. तेव्हा एकाच धरणाच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्या दोन गावांपैकी एकाला कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळे, आणि दुसऱ्याला नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू होईपर्यंत थांबावे लागले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार मोफत, असे मूळ स्वरूप. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव आहे. २०२० साली ती केंद्राच्या योजनेशी जोडली गेली. आणि २०२४ पासून मर्यादा पाच लाखांची झाली.

विदर्भात तंबाखू आणि सुपारी चुन्याशी घोटून केलेला खर्रा घरोघर आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे तेंदूपत्ता आणि विडी ह्यांवर अनेकांची पोटे आजवर भरली. तेव्हा इटियाडोहच्या आसपासच्या गावातून गालाची जखम घेऊन कुणी अर्जुनी स्टेशनवर गाडी धरली तर नवल नाही. तो बहुधा नागपूरला जातो. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे; ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे देहावसान झाले ते ह्याच रोगाने. रुग्णालयाच्या दारात रोग्याला डॉक्टरच्या आधी भेटतो तो आरोग्यमित्र. तो शिधापत्रिका पाहतो, ओळखपत्र पाहतो, फोटो काढतो, संगणकात नाव चढवितो. मग रुग्णालयाकडून उपचाराचा सांकेतिक क्रमांक घालून, बायॉप्सीचा रिपोर्ट जोडून पूर्वपरवानगी मागितली जाते. तिकडे बसलेले डॉक्टर कागद तपासतात. रिपोर्टात गाल आणि अर्जात जीभ असेल, शिधापत्रिकेवरचे नाव आधारच्या नावाशी जुळत नसेल, तर अर्ज परत येतो. ह्याला तिथल्या बोलीत ‘क्वेरी आली’ म्हणतात. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीला पुन्हा कागद आणि पुन्हा मंजुरी. किरणोपचार कोबाल्टच्या यंत्रावर की लिनिअर ॲक्सिलरेटरवर, त्यानुसार क्रमांक निराळा आणि रक्कमही निराळी.

क्वेरी आली म्हणजे काय होते, हे दफ्तरात दिसत नाही. रोग्याबरोबर आलेला मुलगा धान कापणीचे दिवस टाकून आलेला असतो. दोन दिवसांचे पैसे बांधून आणलेले. पाचवा दिवस उजाडतो. कुणी गावी परततो आणि पुन्हा येत नाही. आकडा चुकला तर कागद दुरुस्त होतो. पण मधल्या पंधरवड्यात गाठ थांबून राहत नाही.

आणि ज्याच्या हातात हे सर्व, त्याची स्थिती पाहावी. आरोग्यमित्र सरकारी नोकर नाही. योजनेसाठी नेमलेल्या मध्यस्थ कंपनीचा तो कंत्राटी माणूस. मानधनवाढीसाठी आणि नोकरीच्या शाश्वतीसाठी त्यांच्यावर अलीकडच्या वर्षांत संपावर जाण्याची पाळी आली. संगणक बंद पडला तर शिव्या त्याला. अर्ज अडला तर नातेवाइकांचा रोष त्याच्यावर. दावा नाकारला तर रुग्णालयाची नाराजीही त्याच्यावर. रुग्णालयात बिले करणाऱ्या कारकुनाची गत ह्याहून फार निराळी नाही. मृत्यूची आणि दुखण्याची भाषा दिवसभर वाचावयाची, आणि तिचे आकडे करावयाचे. ह्या कामाचा शीण अंगाला दिसत नाही, म्हणून तो नाही असे समजले जाते.

हेच काम दुसऱ्या एका रूपानेही महाराष्ट्रात आले आहे. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या बिलांचे आकडे घालण्याचे काम चेन्नई, हैदराबाद, पुणे, मुंबई येथल्या कचेऱ्यांत चालते. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेने रोगांच्या यादीची दहावी आवृत्ती बिलांसाठी सक्तीची केली. सुमारे १४,००० आकड्यांच्या जागी सुमारे ६९,००० आले. स्तनाचा कॅन्सर एवढे म्हणून भागेना. उजवा की डावा, हेही सांगणे आले. ह्या नोकऱ्यांत परिचारिका, औषधशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे पदवीधर, फिजिओथेरपी शिकलेली मुले-मुली शिरली. आकडे घालणाऱ्यांना निदान दिवसपाळी मिळू शकते. बिलांच्या वसुलीसाठी विमा कंपन्यांना फोन करणाऱ्यांना अमेरिकेच्या दिवसाबरोबर रात्र जागवावी लागते. तासाला इतके कागद आणि शंभरात निदान पंच्याण्णव बरोबर, असा हिशेब डोक्यावर असतो. पगार आरोग्यमित्राच्या मानाने बरा; रोगी मात्र कधी डोळ्यांना दिसत नाही. आता तर यंत्रे रिपोर्ट वाचून आकडा सुचवू लागली आहेत, आणि माणसाकडे ते तपासण्याचे काम उरत चालले आहे.

यंत्राने वेळ वाचतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु बार्शीच्या माणसांनी जे केले ते कागदावर आधी नव्हतेच. ते विचारून कागदावर आणावे लागले. नागपुरातल्या आरोग्यमित्रापुढे उभा राहिलेला इटियाडोहकडचा माणूस खर्रा किती वर्षे खातो, त्याच्या वहीत नाव कोणते आणि पुढच्या खेपेला तो येऊ शकेल काय, हे विचारल्याखेरीज कळत नाही. विचारावयाला वेळ लागतो आणि विचारणाऱ्याला उद्याची खात्री लागते. जो स्वतःच अकरा महिन्यांच्या किंवा तसल्याच कंत्राटावर आहे, त्याच्याकडून ही आस्था किती काळ अपेक्षावी?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नागपूरची नोंदवही नागपूरकरांची आहे. इटियाडोहचा रोगी तिथे उपचार घेऊनही त्या वहीत मोजला जात नाही, कारण अशा वहीत त्या त्या वस्तीचे रहिवासीच धरावयाचे असा नियमच आहे. पुष्कळदा त्याच्या रोगाचे बरोबर नाव त्याच्या कुटुंबाच्या हाती प्रथम येते ते योजनेच्या कागदावर, सी ०६.० ह्या किंवा अशाच एखाद्या आकड्याबरोबर. ज्या गावात आजा ‘इतर कारणां’त गेला, त्याच गावातल्या नातवाच्या दुखण्याला असे नाव लाभते, आणि नाव लाभले म्हणून उपचार लाभतो. कोतवालाच्या वहीपासून इथवर यावयास शंभरावर वर्षे लागली.

ह्या वाटेवर जे जे चालले, त्यांपैकी डॉक्टरांची नावे रुग्णालयांच्या भिंतींवर आहेत, आणि ती असावीतच. पण नाव विचारून, गाव विचारून, आकडा नीट घालणारा माणूसही वैद्यकाचेच काम करतो, हे आपण मानले पाहिजे, आणि मानले तर त्याला तसा पगार आणि तशी कायम नोकरी दिली पाहिजे. एरवी कागदावर आकडे पडत राहतील. परंतु ज्याला विचारावयास कुणी थांबले नाही, तो रोगी पुन्हा त्या जुन्या शेवटच्या रकान्यातच जाईल.